गाडीची गुटी

"थांब. आधी गुटी."

देवराव एवढं म्हणाला की पेट्रोल पंपावरचा शेखर हातातलं नोझल तसंच धरून उभा राहायचा. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत असले तरी उभा राहायचा. देवराव ट्रकच्या केबिनमध्ये चढायचा, सीटच्या मागे हात घालून एक निळी बाटली काढायचा, खाली उतरून टाकीचं कुलूप उघडायचा आणि बाटलीच्याच झाकणाने एक माप मोजून टाकीत ओतायचा. थेंब राहू नये म्हणून झाकण टाकीच्या तोंडावर दोनदा ठोकायचा. मग बाजूला होऊन म्हणायचा, "हां. आता भर."

शेखर मीटरकडे बोट करून आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचा, "झिरो पाहून घ्या, काका." देवराव पाहायचा, मान हलवायचा, आणि डिझेल सुरू व्हायचं.

अकोल्याहून मूर्तिजापूर रोडला लागताना जो हा पेट्रोल पंप आहे, तिथे थांबणाऱ्या सगळ्या ड्रायव्हर लोकांना ही तऱ्हा ठाऊक होती. पूर्वी ते खो खो हसायचे. तान्ह्या लेकराला सकाळी उगाळून गुटी पाजतात, तशी हे बापलेक गाडीला पाजतात, म्हणायचे. नाव त्यांनीच पाडलं आणि देवरावच्या घरीही तेच रुळलं. भादव्यापासून मात्र कुणी हसत नव्हतं. भादव्यात देवरावचा मुलगा अश्विन गेला होता, आणि गुटीची रीत अश्विनची होती.

खरं तर देवराव या गुटीचा पक्का दुश्मन होता. माणूस जुन्या वळणाचा. अकोल्याची तूरडाळ अमरावतीला न्यायची आणि येताना सरकीची ढेप आणायची, यात त्याची उमर गेलेली. अश्विन त्याच्या बरोबरीने गाडी चालवायला लागला तेव्हा गाडी जुनी झाली होती आणि डिझेल नवं आलं होतं. इंजिनाला डिझेल दाबून पुरवणारा जो पंप असतो, तो या गाडीचा चांगलाच थकला होता. एकदा तो उघडून दुरुस्त केला तेव्हा जुन्या शहरातला खुशालराव मिस्त्री म्हणाला होता, सगळे भाग नवे टाकायचे तर मोठं काम आहे, सध्या असाच चालवा, पण डिझेलात तेलकट औषध घालत जा. अश्विनने त्याच संध्याकाळी निळी बाटली आणली. बापलेकांची जुंपली ती तिथून.

"बाबा, पह्यलचं डिझेल घान होतं पन चिकट होतं," अश्विन म्हणाला. "आताचं साफ हाय पन कोरडं हाय. आपल्या पंपाचे प्लंजर त्या डिझेलच्याच ओलाव्यावर सरकते. कोरड्यात घासून घासून मरन नाई तं काय करन?"

"तू जलमला नव्हता तवापासून गाडी चालवून राहिलो मी. कोनत्या डिझेलले तेल लावत बसलो नाई."

"तवाचं डिझेल येगळं होतं ना, बाबा."

"तवाचे पोट्टेही येगळे होते," देवराव म्हणाला आणि पानाची पिंक टाकायला उठला.

पण पोट्टा ऐकणारा नव्हता. आधी गुटी आणि मग डिझेल, म्हणजे वरून पडणाऱ्या धारेने ती आपोआप मिसळते, हा त्याचा नेम. महिनाभरात इंजिनाचा आवाज बसला. आधी गाडी नाक्यावर वळली की खडखड घरापर्यंत पोचायची आणि देवरावची बायको ललिता चहाचं आधण ठेवायची. आता गाडी दारात येऊन उभी राहिली तरी तिला पत्ता लागेना. "गाडी आली का चोर आला, काई समजत नाई बाप्पा," असं ती म्हणायची आणि अश्विन हसायचा. देवरावला सगळं कळत होतं. तो ते कबूल मात्र करत नव्हता. पोराचं बरोबर निघालं की बापाच्या घशाखाली घास उतरत नाही, त्यातला प्रकार. मनातून त्याला अश्विनचा अभिमान वाटत होता, आणि ते त्याने पोराला एकदाही सांगितलं नाही.

मग तो भादवा. अश्विनला ताप आला, डेंग्यू निघाला, दवाखान्यात ठेवलं. काही दिवसांनी ताप उतरला. अश्विन उठून बसला, आईच्या हातचा दहीभात खाल्ला आणि बापाला म्हणाला, "बाबा, माल भरून पडला हाय. मिलवाल्याचे फोनवर फोन येऊन राहिले. तुमी खेप मारून या. मले काई होत नाई आता." ललितानेही जा म्हटलं. देवराव दारापर्यंत गेला तेव्हा मागून आवाज आला, "अन् गुटी विसरू नका."

देवरावने त्या दिवशीही गुटी घातली. मूर्तिजापूरच्या अलीकडे फोन वाजला. त्याने गाडी बाजूला घेतली, फोन ऐकला, आणि पलीकडून ललिताच्या भावाचा आवाज काय सांगतो आहे ते त्याला समजलं. मग त्याने गाडी वळवली. एवढा माल भरलेला असताना भर रस्त्यात गाडी कशी वळवली, हे त्याला पुढे कधी आठवलं नाही.

देवराव रडला नाही. खांदा दिला, पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांना बसायला सतरंज्या घातल्या, बुद्धवंदना झाली तेव्हा हात जोडून बसला, लोकांना वाढलं. सगळे म्हणाले, माणूस धीराचा आहे. धीर वगैरे काही नव्हतं. जिथे दुखायला पाहिजे तिथे त्याला काही लागतच नव्हतं. ताटात येईल ते तो जेवायचा आणि काय जेवलो ते उठेपर्यंत विसरायचा. गाडी चालवायचा, माल उतरवायचा, घरी येऊन निजायचा. त्याला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

एकाच ठिकाणी किंचित काही हलायचं. पेट्रोल पंपावर निळ्या बाटलीचं झाकण फिरवलं की एक गोडसर, रॉकेलसारखा वास यायचा. तेवढा वेळ कुणीतरी आपल्या उजव्या हाताशी उभं आहे आणि माप बरोबर पडतं की नाही ते पाहतं आहे, असं त्याला वाटायचं. झाकण ठोकलं की संपलं. आठवड्यातून दोन-तीनदा एवढंच त्याच्या वाट्याला यायचं, आणि त्याच्यासाठी तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

बाकी अश्विनचं घरात काही उरलं नव्हतं. शर्ट ललिताने बहिणीच्या मुलांना दिले. फोन बंद झाला. भिंतीवर फोटो होता, पण फोटो तसाच राहतो, त्याला काही करावं लागत नाही. ही बाटली अश्विनने विकत आणलेली, त्याने उघडलेली, अर्धी त्याने वापरलेली. आणि ती संपत चालली होती. देवराव ती केबिनच्या काचेसमोर उजेडात धरायचा आणि आतल्या औषधाची रेघ पाहायचा. रेघ दर खेपेला खाली जायची.

जुन्या शहरात त्याच कंपनीची दुसरी बाटली सहज मिळाली असती. पण ती दुकानातली बाटली झाली असती.

अशात एका सकाळी तो स्वयंपाकघरात पाटावर चहा घेऊन बसला होता. ललिता दही लावत होती. तिने जुन्या वाडग्यातलं चमचाभर दही कोमट दुधात घातलं, बोटाने ढवळलं आणि वर ताटली ठेवली. त्याच्याकडे न पाहता ती म्हणाली, "हे विरजन अश्विन होता तवापासूनचं हाय. दवाखान्यात त्यानं जे दही खाल्लं ना, त्याचंच. मी मोडू देल्लं नाई एकही दिवस."

देवराव चहा संपवून उठला. पण ते त्याच्या कानात राहिलं.

पुढच्या खेपेला टाकी भरून झाली तेव्हा त्याने निळी बाटली शेखरपुढे धरली. "जरासं डिझेल सोड याच्यात. एक झाकन."

"बाटलीत?" शेखरने विचारलं. "काहून, काका?"

"विरजन," देवराव म्हणाला.

शेखरने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. अश्विन आणि तो एका वयाचे, या पंपावर दोघांनी कितीदा चहा घेतलेला. त्याने नोझल बाटलीच्या तोंडाशी आणलं. हळूच धार सोडली. रेघ पुन्हा जिथे होती तिथे आली. देवरावने झाकण लावलं, बाटली हलवली आणि सीटच्या मागे ठेवून दिली.

मग हाच नेम पडला. एक झाकण काढायचं, एक झाकण डिझेल घालायचं. बाटली संपायचं नाव घेईना.

आता कुणी म्हणेल, डिझेलात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं कळू नये? दूध दही होतं, डिझेल औषध होत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. देवरावलाही कळत होतं. पण कळणं आणि रेघ खाली न जाणं, या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. चहाच्या रंगाचं ते औषध आधी फिकट झालं, मग पिवळट झालं, मग नुसतं डिझेलासारखं दिसायला लागलं. तो दर खेपेला पाहत होता आणि त्याला फक्त रेघ दिसत होती. वासही गेला होता. उजव्या हाताशी आता कुणी उभं राहत नव्हतं. ते कधी बंद झालं हेसुद्धा त्याला समजलं नाही. तो आपला झाकण मोजत राहिला. शेखरला बोलावंसं वाटायचं, पण या माणसाला यातलं काय सांगायचं, म्हणून तो गप राहायचा. दुःखी माणसाचं सगळेच चालवून घेतात, आणि त्यात कधी कधी त्याचं वाटोळं होतं.

थंडी पडली तशी गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. सुरू झाली की काळा धूर. चढाला गाडी दम टाकायची. अमरावतीच्या गोदामावर हमाल म्हणाले, "देवरावभाऊ, गाडी खडखडून राहिली." देवराव म्हणाला, "हो का?" आणि पावती घेऊन निघाला.

ललिताला मात्र घरात बसून ऐकू येत होतं. एका संध्याकाळी तो हातपाय धुऊन आत आला तर चहा तयार.

"नाक्यावरूनच ऐकू येते आता," ती म्हणाली. "पह्यलेवानी वाजून राहिली गाडी."

"वाजत असन."

"अश्विन असता तं खुशालरावकडं घेऊन गेला असता एवढ्यात."

"गुटी घालतो मी. दर खेपेले घालतो. माप चुकवत नाई."

"मंग वाजते काहून?"

देवरावने बशीत चहा ओतला. ललिताचा इतक्या महिन्यांचा संताप एकदम बाहेर आला. "अवो, तुमाले ऐकू येत नाई का काई वाटत नाई? पोरगं गेलं, डोयात टिपूस नाई तुमच्या! लोक म्हनते धीराचा मानूस. मले तं भेव लागते तुमचं. दगड घेऊन राह्यते मी घरात. सांगा ना, ऐकू येत नाई का वाटत नाई?"

"दोनीही," देवराव म्हणाला. तो खरंच सांगत होता. ललिताने तोंडाला पदर लावला आणि ती मागच्या दारी निघून गेली.

फाल्गुनात ऊन तापायला लागलं तेव्हा गाडी बसली. डाळीची पोती भरून देवराव बोरगाव मंजूच्या पुढे गेला होता. भर दुपार. इंजिनाने एकदोन आचके दिले, खडखड एकदम वाढली आणि मग सगळंच थांबलं. गाडी आपल्या वजनाने थोडी पुढे गेली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. देवराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. बाजूने गाड्या जात होत्या. ही एकच गाडी होती, हिच्यावर घर चालत होतं, मालधनी बोंबलणार होता. हे सगळं त्याला एक एक करून आठवलं आणि एकाचाही धक्का बसला नाही. खूप वेळाने ओळखीचा एक ड्रायव्हर थांबला. त्याने डाळ दुसऱ्या गाडीत चढवायची सोय केली आणि देवरावचा ट्रक दोर लावून अकोल्याला ओढून आणला.

खुशालरावचं दुकान मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या एका बोळात. आयुष्यभर त्याने डिझेलचे पंप उघडले आणि लावले. बोलायला कमी, हात स्वच्छ. त्याने पंप काढून आणला, टेबलावर जुना पेपर अंथरला आणि एक एक भाग सुटा करून ओळीत मांडला. मग बोटाएवढी एक लोखंडी कांडी, पंपाचा प्लंजर, पुसून देवरावच्या हातात दिली. "नख फिरवून पाहा."

देवरावने नख फिरवलं. नख अडकत होतं. आरशासारखी गुळगुळीत असायची ती कांडी उभी ओरबाडली होती.

"सगळ्या अशाच," खुशालराव म्हणाला. "पुरा कोरडा चालला पंप. औषध बंद केलं का तुमी?"

"नाई. दर खेपेले एक झाकन. आधी गुटी, मंग डिझेल."

"आवाज आला असन ना भाऊ? महिना-दोन महिने तरी वाजली असन गाडी."

"आला असन."

खुशालरावने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "कोनतं औषध घालता? आना बरं."

देवरावने पिशवीतून निळी बाटली काढली. खुशालरावने झाकण उघडून वास घेतला. मग थोडं बोटावर घेऊन अंगठ्याने चोळलं, आणि पुन्हा एकदा चोळलं.

"देवरावभाऊ," तो सावकाश म्हणाला, "हे डिझेल हाय."

"थोडं मिसयलं हाय त्याच्यात."

"थोडं नाई. नुसतं डिझेलच हाय. औषध असतं तं बोटाले बुळबुळ लागली असती. कवापासून मिसळून राहिले?"

देवरावने सांगितलं. ललिताचं दही, शेखर, एक झाकण काढणं आणि एक झाकण घालणं, सगळं सरळ सांगितलं. सांगताना त्याचा आवाज हलला नाही. डाळीचा भाव सांगावा तसं त्याने ते सांगितलं. खुशालराव हातातलं फडकं खाली ठेवून ऐकत होता. अश्विन या टेबलाच्या त्या टोकाला बसायचा, पंप उघडला की नाक खुपसून पाहायचा, सतरा प्रश्न विचारायचा. ते खुशालरावला आठवलं.

"दर झाकनाले ते पातळ होत गेलं ना भाऊ," तो शेवटी म्हणाला. "दिवाळीनंतर याच्यात काई उरलं नसन. त्याच्यापुढं तुमी डिझेलात डिझेल घातलं."

"म्हंजे संपलं होतं."

"हो."

"कोनत्या दिवशी संपलं असन?"

"असा एक दिवस नसते, भाऊ. हळूहळू जाते ते."

"तरी पन," देवराव म्हणाला. "शेवटचा थेंब कोनत्या तरी दिवशी पडला असन ना. कोनत्या तरी खेपेले."

खुशालरावने बाटलीला झाकण लावून ती त्याला परत दिली. तो म्हणाला, पंपाचे भाग नवे टाकावे लागतील, चारआठ दिवस लागतील, तुम्ही घरी जा. मग फळीवरून त्याने एक नवी निळी बाटली काढली आणि देवरावच्या पिशवीत ठेवली. "हे घाला आता. अन् याच्यात काई मिसळू नका. पोरानं जे जपलं ते जपा."

देवराव पुलावरून पायी घरी आला. दोन बाटल्या पिशवीत एकमेकींवर वाजत होत्या. ललिताने दूध तापत ठेवलं होतं. गाडी न घेता आलेला नवरा पाहून ती शेगडीजवळून उठली. देवराव पाटावर बसला आणि जुनी बाटली त्याने जमिनीवर ठेवली.

"ही संपली होती," तो म्हणाला. "कवाचीच संपली होती. मले समजलंच नाई."

ललिताला काही कळेना. त्याने तिलाही सगळं सांगितलं. विरजणाचं ऐकलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. "अवो, मी काय म्हनली अन् तुमी काय केलं! दूध लागते दह्याले. दूध सोता बदलते. डिझेल काय बदलन?"

"बदलत नाई. ठाऊक होतं मले." तो बाटलीकडे पाहत होता. "अश्विन गेला तवा मी गाडीवर होतो. हे त्याचं शेवटचं टाकीत गेलं तवाही मी गाडीवरच असन. कुठं गेलं, बडनेऱ्याच्या अलीकडं का मूर्तिजापुरात, काई ठाऊक नाई. दोनी वेळा मी गाडी चालवत होतो, ललिता. दोनी वेळा मले समजलं नाई."

इतक्या महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता. ललिताचा राग कुठल्या कुठे गेला. दूध उतू जायला लागलं होतं. तिने गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर खाली बसली.

"मी होती तती, दवाखान्यात," ती म्हणाली. "माह्या डोयापुढं गेला तो. माहा हात होता त्याच्या हातात. म्हनून मी रडली. तुमी पाह्यलंच नाई. तुमी अजून तिकडून येऊन राहिले, पोहोचलेच नाई." तिला हुंदका आला. "जा म्हननारीही मीच होती. तुमच्यावर मी रागावली, पन पाठवलं आमी दोघायनंच."

देवरावने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडत राहिली. त्याला तेव्हाही रडू आलं नाही.

गाडी तयार झाली. खुशालरावने सुरू करून दाखवली तेव्हा इंजिन मऊ चालत होतं. बोळातली माणसं मोठ्याने न बोलता एकमेकांना ऐकू जात होती. देवरावने ते ऐकलं. माल भरायला निघायच्या दिवशी ललिता चपला घालून दारात उभी. "मीही येते संगं," ती म्हणाली. "पेट्रोल पंपापर्यंत तरी येते. येताना ऑटोनं येईन."

शेखरने गाडी ओळखली आणि नोझल घेऊन पुढे आला. देवराव केबिनमधून उतरला तेव्हा त्याच्या एका हातात जुनी बाटली होती आणि एका हातात नवी. ललिता मागून उतरून टाकीजवळ येऊन उभी राहिली. शेखरने तिला हात जोडले.

"थांब," देवराव म्हणाला. "आधी गुटी."

त्याने कुलूप उघडलं. आज झाकणाने मोजलं नाही. अश्विनची बाटली त्याने सरळ टाकीच्या तोंडात उलटी केली. नुसतं डिझेल होतं, डिझेलात जात होतं, त्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. धार बारीक झाली. मग थेंब. मागे एका टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. शेखरच्या हातातलं नोझल जरा पुढे आलं.

"थांब रे," देवराव म्हणाला. "पुरती संपू दे."

तो पाहत होता. एक थेंब बाटलीच्या तोंडाशी जमायचा, लोंबायचा, पडायचा. मग दुसरा जमायला वेळ लागायचा. टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला, तेव्हा शेखरने मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप झाला. एक थेंब बराच वेळ लोंबत राहिला आणि पडला. त्यानंतर काही आलं नाही. देवरावने बाटली तरी तशीच उलटी धरून ठेवली होती. ललिताने ती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली आणि पदराने पुसली.

मग त्याने नवी बाटली उघडली. झाकण फिरवताच तो वास आला, गोडसर, रॉकेलसारखा, कितीतरी महिन्यांनी आला. देवरावने एक माप मोजलं. थोडं औषध बोटांवर सांडलं, बुळबुळीत. त्याने माप टाकीत ओतलं आणि झाकण टाकीच्या तोंडावर ठोकलं, एकदा, आणि पुन्हा एकदा. उजव्या हाताशी ललिता उभी होती.

"हां," तो म्हणाला.

शेखरने नोझल टाकीत घातलं आणि नेहमीसारखं मीटरकडे बोट केलं. "झिरो पाहून घ्या, काका."

देवरावने मीटरकडे पाहिलं. मनगटाने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

"नाई दिसून राहिला रे," तो म्हणाला. "तूच पाहा."